पिशवी परत दिली, पण दोन रात्री उशिरा

वाचकाचं पत्र, थोडक्यात (ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय):

वय ४७, नागपुरात एका खासगी फर्ममधे अकाउंटचं काम. पोळ्याच्या आधीच्या सोमवारी संध्याकाळी इतवारीहून शेअर ऑटोनं घरी येताना सीटच्या फटीत एक कापडी पिशवी सापडली. घरी येऊन पाहिलं तर ५८ हजार रुपये, एक पासबुक, आणि त्याच्या मागच्या पानावर पेनानं लिहिलेला मोबाईल नंबर. त्याच आठवड्यात मुलीच्या नीटच्या कोचिंगचा ५५ हजारांचा हप्ता भरायचा होता. पिशवी दिवाणात रजयांखाली गेली. सोमवारची रात्र गेली, मंगळवारचा दिवस गेला. मंगळवारी रात्री पाहुणे आले म्हणून बायकोनं दिवाण उघडला, पिशवी पाहिली आणि एवढंच विचारलं, "कोणाचे आहेत हे?" बुधवारी सकाळी यांनी फोन लावला. पैसे भंडाऱ्याकडच्या एका म्हाताऱ्या बाईचे होते, नवऱ्याचं ऑपरेशन नागपुरात व्हायचं होतं त्यासाठीचे. ती रडली, पाया पडायला लागली, म्हणाली ऑटो स्टँडवर दोन चकरा मारल्या, त्या ऑटोवाल्यालाही विचारलं, तो म्हणे गाडीत काहीच नाही. यांनी तिला सांगितलं, "आज सकाळीच ऑटोत सापडली." नंतर तिनं कोणाच्या तरी हातून पाच किलो जुना चिन्नोर तांदूळ पाठवला. भाच्यानं कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकला, मुलीनं "माय पप्पा" म्हणून स्टेटस ठेवलं, आणि आता येत्या रविवारी गणपतीत मंडळ शाल-श्रीफळ देऊन सत्कार करणार आहे. लहान मुलांना प्रामाणिकपणावर दोन शब्द सांगा असंही म्हणालेत.

हे लिहितात: "मारबतीच्या दिवशी (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात वाईटाचे पुतळे मिरवत नेतात तेव्हा) महालात गर्दीत उभा होतो, सगळे ओरडून राहिले होते घेऊन जा गे मारबत, मला वाटलं हिनं मलाच न्यायला पाहिजे. चांगल्या माणसाच्या मनात असं येतच नाही नं? मग मी चांगला आहे का नुसता पकडला गेलेला? सत्कार घ्यावा का नाही? बायको म्हणते पैसे दिले नं परत, मग कायले डोकं खराब करून राहिले. तो तांदूळ अजून तसाच आहे, खाववत नाही."

---

भाऊ,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसू आलं, कारण मधेच तुम्ही लिहून टाकलंय की मंगळवारी दुपारी ऑफिसात बसल्या बसल्या तुम्ही फी भरून उरणाऱ्या तीन हजारांचाही निकाल लावला होता, कूलरची मोटर बदलायची म्हणून. अकाउंटवाला माणूस, हिशेब अर्धा कसा सोडेल. दुसऱ्यांदा वाचताना मात्र हसू नाही आलं. ते काहून, हे पुढं सांगते, आधी तुमचा प्रश्न घेते.

चांगल्या माणसाच्या मनात असं येतच नाही, असं तुम्ही म्हणता. तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी सहज म्हणू शकते की अहो सगळ्यांच्याच मनात येतं, सोडा. पण तुमचा मुद्दा इतका टाकाऊ नाहीये. अ‍ॅरिस्टॉटल, इसवी सनपूर्व ३८४ ते ३२२ मधला ग्रीक तत्त्वज्ञ, त्यानं जवळजवळ हेच सांगून ठेवलंय. त्याच्या हिशोबात एक माणूस असा की ज्याला चुकीचं करावंसं वाटतं, पण तो मनाला आवरतो आणि बरोबर तेच करतो. दुसरा असा की त्याला ती ओढच होत नाही, बरोबर वागण्यातच त्याला गोडी असते. पहिल्याला तो संयमी म्हणतो, पण खरा सद्गुणी दुसरा, आणि दुसऱ्याचा नंबर वरचा. शिवाय एक तिसरा आहे, ज्याला बरोबर काय ते पक्कं ठाऊक असतं तरी तो घसरतोच. आता तुम्ही स्वतःला कुठं बसवता ते बघा. मला विचाराल तर सोमवारी रात्री आणि मंगळवारी तुम्ही तिसरे होता, आणि बुधवारी सकाळी, बायकोच्या एका प्रश्नाच्या जोरावर, पहिले झालात. दुसरे तुम्ही नव्हता, हे तुम्हीच मान्य करून राहिले, मी काय वेगळं सांगणार.

पण तुम्ही त्याच्यापुढं जी उडी मारता तिथं मी तुम्हाला थांबवते. दुसरा नाही, म्हणजे चांगला नाहीच, म्हणजे जे काही केलं ते ढोंग, असं तुम्ही धरून चालले. जसं काही माणूस एकतर आतून सोनं असतो नाहीतर पितळ, आणि सोमवारी रात्री दिवाणापाशी तुमची कसोटी लागली आणि पितळ निघालं. अ‍ॅरिस्टॉटल असं म्हणतच नाही. तो म्हणतो घर बांधून बांधून माणूस गवंडी होतो, वाद्य वाजवून वाजवून वादक होतो, तसाच न्यायानं वागून वागून न्यायी होतो. जन्मतः कोणी नाही. म्हणजे आधी अंगात प्रामाणिकपणा येईल मग पैसे परत देईन असा क्रमच नाहीये, उलट्या बाजूनंच ते अंगी लागतं, आणि सुरुवातीला सगळ्यांचंच वाजवणं बेसूर असतं.

आणि हे समजायला ग्रीसपर्यंत जायची गरज नाही, आपल्या गावात रोज सकाळी विहारांत म्हटलं जातं ते ऐका. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी दीक्षाभूमीवर धम्म घेतला तेव्हा त्रिशरणासोबत पंचशील घेतलं, त्यातलं दुसरं शील आहे, "अदिन्नादाना वेरमणी सिक्खापदं समादियामि." जे दिलेलं नाही ते घेण्यापासून दूर राहण्याचं शिक्षापद मी घेतो. तुमच्या पिशवीचाच विषय आहे बघा, चोरी हा शब्दसुद्धा नाही, "न दिलेलं" एवढंच. सीटच्या फटीतली पिशवी तुम्ही चोरली नव्हती, पण तुम्हाला ती कोणी दिलीही नव्हती. आणि मला त्यातला "सिक्खापदं" हा शब्द फार आवडतो. शिकायची पायरी. म्हणणारा असं म्हणतच नाही की मी घेत नाही. तो म्हणतो मी शिकायला बसतोय, आणि उद्या सकाळी पुन्हा तेच म्हणतो, परवा पुन्हा. एकदा म्हणून झालं, पास झालो, असं त्यात नाही.

आता थोडं उलटं बघू. कांट नावाच्या जर्मन तत्त्वज्ञानं १७८५ च्या पुस्तकात बरोब्बर विरुद्ध बाजू लावून धरली, की मनाला काहीच वाटत नसताना, उलट मन नको म्हणत असताना, केवळ कर्तव्य म्हणून जो करतो त्याच्या कृतीला खरी नैतिक किंमत. ह्या हिशोबानं तुमचा बुधवारचा फोन भारी ठरायला पाहिजे. पण तोच माणूस एका दुकानदाराचंही उदाहरण देतो, जो गिऱ्हाईक टिकावं म्हणून कोणालाच जास्त भाव लावत नाही. वागणं चोख, कारण मात्र धंद्याचं. मग तुमचा फोन कर्तव्याचा होता, का बायकोनं पाहिलं म्हणून होता? तुम्हाला माहीत नाही. मलाही माहीत नाही. आणि खरं सांगू, ह्या विहिरीत फार वाकून बघू नका, तळ दिसत नाही, नुसता स्वतःचाच चेहरा दिसत राहतो.

त्यापेक्षा मला फिलिपा फूट ह्या इंग्रज तत्त्वज्ञ बाईंचं जास्त पटतं. ज्याला चांगलं वागणं जड जातं तो मोठा का ज्याला सोपं जातं तो, ह्यावर त्या म्हणतात की आधी हे विचारा, जड कशामुळं गेलं. खिसा रिकामा आहे, समोर पैसे पडलेत, म्हणून जड गेलं, तर ते परिस्थितीचं जड, आणि तरी सोडले तर तो माणूस जास्तच मोठा. पण स्वभावात हाव आहे म्हणून जड गेलं, तर तेवढी त्या सद्गुणात खोट. तुमच्या पत्रात दोन्ही आहे भाऊ. सोमवारची रात्र फीची होती, ती मी समजू शकते, पोरीचा हप्ता तोंडावर आलेल्या कोणत्याही बापाला विचारा. मंगळवारची दुपार कूलरच्या मोटरची होती. ती फीच्या खात्यात टाकता येणार नाही, तुम्ही अकाउंटवाले आहात, तुम्हाला मी काय सांगू.

(आणि मी फार शहाणी नाहीये. गोकुळपेठेत भाजीवाल्यानं मला शंभरच्या जागी दोनशेची नोट परत दिली होती, घरी येऊन कळलं, आणि पुढचे दोन महिने मी दुसऱ्या गेटनं बाजारात जात होते. शेवटी त्याला दिले तेव्हा त्याला आठवतही नव्हतं. मला अजून आठवतं.)

अशी पत्रं मला वेगवेगळ्या कपड्यांत सारखी येतात. सासूचं सगळं करते पण मनातल्या मनात शिव्या घालते, मग मी चांगली सून का. मित्राला जामीन राहिलो पण रोज पस्तावतो, मग ती मैत्री का. सगळ्यांना एकच प्रमाणपत्र हवं असतं, आतून शुद्ध असल्याचं. त्या सगळ्यांना माझं विचारणं हेच की जड कशामुळं जातंय ते एकदा बघा. सूनबाई रात्री चार तास झोपत असेल तर तिला सद्गुण कमी पडत नाहीये, झोप कमी पडून राहिली, आणि नणंदेला पंधरा दिवस येऊन राहायला सांगणं हा त्यावरचा नैतिक उपाय आहे.

परिस्थितीचा जोर किती असतो ह्याचा एक गाजलेला प्रयोग आहे, १९७३ साली छापून आला, अमेरिकेत प्रिन्स्टनला. धर्मशास्त्र शिकणारी ४० मुलं, उद्या पाद्री वगैरे होणारी. त्यांना एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत भाषण द्यायला पाठवलं, आणि वाटेत एक माणूस खोकत, कण्हत दारात पडलेला ठेवला. ज्यांना सांगितलं होतं की भरपूर वेळ आहे, त्यांच्यातले ६३ टक्के थांबले. ज्यांना उशीर झालाय पळा म्हटलं, त्यांच्यातले १० टक्के. गंमत म्हणजे त्यातल्या अर्ध्यांचं भाषण बायबलमधल्या, रस्त्यात पडलेल्याला मदत करणाऱ्या माणसाच्या गोष्टीवरच होतं. काही लोक ह्यावरून म्हणतात की बघा, स्वभाव-बिभाव काही नसतं, सगळं घाईवर ठरतं. मी तितकं ओढत नाही, घाईतले ते १० टक्के थांबले होतेच. पण आपण घाईत किंवा हप्त्याच्या टेन्शनमधे असताना स्वतःवर किती भरवसा ठेवायचा, एवढं त्यातून नक्की शिकता येतं.

म्हणून ज्याला कोणाला असं काही सापडेल त्यानं पहिल्या तासातच कोणालातरी सांगून टाकावं. बायकोला, शेजाऱ्याला, कोणालाही. नोटा मोजू नका, मोजलं की त्या आपल्या वाटायला लागतात. नंबर असेल तर तिथंच उभ्या उभ्या लावा, नसेल तर पोलिस स्टेशनला जमा करून पोच घ्या. कायदाही इथं झोपलेला नाही, मालक कोण ते माहीत असून, किंवा शोधायचं साधन हातात असून सापडलेली वस्तू स्वतःच्या कामाला लावली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ मधे तो गुन्हा आहे. तुम्ही वेळेत वाचले, घाबरवत नाहीये. पण दिवाण ही जागा चुकली होती. रजयांखाली ठेवलेली वस्तू म्हणजे मनानं अर्धा निर्णय घेऊन टाकलेला असतो.

बायकोनं विचारलं म्हणून दिले, हे तुम्ही कमीपणा म्हणून लिहिता. मला तसं नाही वाटत. अ‍ॅरिस्टॉटलच्या नीतीवरच्या त्या ग्रंथाचे दहा भाग आहेत, त्यातले दोन, आठवा आणि नववा, नुसते मैत्रीवर आहेत. उगाच नाही. एकट्यानं चांगलं राहणं फार कठीण काम आहे, म्हणून माणूस अशी माणसं जवळ ठेवतो जी दिवाण उघडून "कोणाचे आहेत हे" एवढंच विचारतात. त्यांनी भाषण दिलं नाही, भांडल्या नाहीत, चार शब्द बोलल्या. अशी बायको घरात असणं आणि तिचं ऐकू येणं हे तुमच्याच खात्यात जमा आहे. बहिऱ्या माणसालाही बायको असते.

फक्त "पैसे दिले नं परत, मग कायले डोकं खराब करता" ह्यावर मी वहिनींच्या बाजूनं नाही.

आता ते, ज्यानं माझं हसू गेलं. भाऊ, तुम्ही त्या बाईला सांगितलं की आज सकाळीच ऑटोत सापडली. तुमच्या पत्रात हे वाक्य असं सरकन निघून गेलंय, आणि पूर्ण पत्र मग मनात काय आलं, मन कसं आहे, मी कसा आहे ह्यावर. पण त्या वाक्याचा हिशेब करा. सोमवारी बाई स्टँडवर गेली, ऑटोवाल्याला विचारलं, तो म्हणाला गाडीत काही नाही, आणि तो खरं बोलला कारण पिशवी तुमच्या दिवाणात होती. बुधवारी तुम्ही म्हणालात ऑटोतच होती. मग खोटं कोण ठरलं? एकतर तो माणूस सीट न बघता नाही म्हणाला, नाहीतर त्यानं दाबून ठेवली होती आणि मग भिऊन सोडली. ती बाई गावात जाऊन काय सांगत असेल, की ऑटोवाला चोर निघाला पण एक देवमाणूस भेटला. तुमची शाल त्या माणसाच्या अंगावरचा शर्ट काढून शिवलेली आहे. तुम्ही मुद्दाम केलं नाही, मला माहीत आहे, तोंडातून निघून गेलं. पण निघालं ते निघालं, आणि कॉलनीच्या ग्रुपवरही तेच फिरतंय.

आणि दुसरं, त्या म्हाताऱ्याचं ऑपरेशन झालं का? पत्रात नाहीये. दोन दिवस पैसे नव्हते म्हणून तारीख पुढं गेली का, तिनं त्या दोन दिवसांत कोणाकडून व्याजानं उचलले का, काही बिघडलं का, हे तुम्ही विचारलेलं दिसत नाही. तुम्ही ते दोन दिवस तुमच्या मनाचे दोन दिवस म्हणून मोजून राहिले, पण ते तिचेही होते. मला वाटतं तुमची झोप इथं अडकलीय. मोहाचं काही नाही, मोह गेला, कूलरची मोटरही तशीच आहे. अडकलंय ते चालू खोटं, जे रोज थोडं थोडं वाढतंय, आणि रविवारी त्याला माईक मिळणार आहे.

मारबतीचं तुम्ही लिहिलं ते मला लागलं. मीही लहानपणापासून बघते, काळी आणि पिवळी, बडग्यांच्या पुतळ्यांची धमाल, आणि गर्दीत एक सुटका असते, की सगळं वाईट त्या पुतळ्यावर लादलं आणि गावाबाहेर जाळलं. पण तुम्हाला तर कोणाला बाहेर काढायचंच नाहीये, एक वाक्य दुरुस्त करायचंय. ते मारबतीच्या आवाक्यातलं काम नाही, फोनच्या आहे.

तिला खरं सांगावं का, ह्याचा मी दोन दिवस विचार केला. कारण कबुली देणाऱ्याला हलकं वाटतं आणि ऐकणाऱ्याच्या गळ्यात ओझं पडतं असंही होतं. बिचारी खूश आहे, जगात चांगली माणसं आहेत म्हणून तांदूळ पाठवते, तिचा तो विश्वास तुम्ही तुमच्या झोपेसाठी काहून मोडायचा? नुसत्या तुमच्या मनातल्या मोहाचा प्रश्न असता तर मी म्हटलं असतं, गप्प बसा, गिळा, तेवढी शिक्षा सोसा. पण मधे ऑटोवाला आहे. त्याचं नाव तुमच्याकडे अडकलंय, ते तुम्ही ठेवून घेऊ शकत नाही. दिलेलं नाही ते.

तर असं करा. आधी घरात, आणि तेही मुलीला, कारण तिला ग्रुपवरून कळलं तर फार वाईट होईल. लांबण लावू नका, पप्पाकडे पिशवी दोन दिवस होती, ठेवून घ्यायचं मनात आलं होतं, बस. ती दोन दिवस बोलणार नाही कदाचित. स्टेटस काढून टाकेल. चालेल. फीचा विषय मात्र तिच्यासमोर ह्या वाक्यात आणू नका, "तुझ्यासाठीच" असं चुकूनही म्हणू नका, त्या पोरीनं काही मागितलं नव्हतं.

मग बाईंना फोन. पहिलं नवऱ्याची तब्येत विचारा आणि उत्तर नीट ऐका. मग सांगा की पिशवी मला सोमवारीच मिळाली होती, मी दोन दिवस ठेवली, माझी चूक, ऑटोवाला खरं बोलला होता. पैशांचं काही नुकसान झालं असेल, व्याज वगैरे, तर ते तुम्ही भरायची तयारी ठेवा, हप्ते पाडून का होईना. ती शिव्या देईल, किंवा म्हणेल जाऊ द्या बाप्पा, दोन्हींवर वाद घालू नका. मग स्टँडवर जा, तो ऑटोवाला सापडला तर त्यालाही सांगा. नाही सापडला तर तिथल्या दोघा-चौघांना सांगा, ती बातमी अर्ध्या तासात त्याच्यापर्यंत जाते, आपल्याकडे स्टँडवर काय राहतं का लपून.

सत्कार घेऊ नका. आणि स्टेजवर जाऊन कबुलीही देऊ नका हो, हात जोडते. तुम्ही माईकवर सांगाल की माझ्या मनात पाप आलं होतं, आणि समोरून टाळ्या पडतील, अध्यक्ष डोळे पुसतील, म्हणतील असा माणूस लाखात एक, आणि दोन शाली देतील. ग्रुपवरच एक साधा मेसेज टाका, "पिशवी मला सोमवारीच मिळाली होती, मी बुधवारी दिली, ऑटोवाल्या भावाचा काही दोष नाही, सत्कार ठेवू नये ही विनंती." हात जोडलेला इमोजीही नको. चार दिवस कॉलनीत कुजबुज होईल, मग कोणाच्या तरी पार्किंगचं भांडण निघेल आणि लोक तिकडं वळतील.

अ‍ॅरिस्टॉटल एक म्हणतो ते मला पटत नाही, की लाज वाटणं तरुणांना शोभतं, वय झालेल्या माणसाला नाही, कारण त्यानं लाज वाटेल असं काही करायलाच नको. त्याला ४७ व्या वर्षी कोचिंगची फी भरावी लागली नसेल. तुम्हाला अजून लाज वाटते हे मला चांगलंच वाटलं, फक्त ती दिवाणापाशी बसून वाटून घेण्यापेक्षा स्टँडपर्यंत चालवत न्या.

फीचं म्हणाल तर कोचिंगवाल्यांना भेटून हप्ता दोन भागांत मागा. तुम्ही पत्रात हे कुठं विचारल्याचं लिहिलं नाही, बरेचदा ते ऐकतात, आणि नाही ऐकलं तर ऑफिसात ॲडव्हान्स मागायला लाज कसली, ती तर खरोखरच दिलेली रक्कम राहील.

आणि तो तांदूळ. परत पाठवू नका, बाईचा अपमान होईल. फोन झाला की शिजवा, तिघंही बसून जेवा. जुना चिन्नोर आहे, पाणी नेहमीपेक्षा थोडं जास्त लागतं.